केस रिपोर्ट शोधताना 'केस रिपोर्ट' हे शब्द शेवटी टाका

मी बेळगावात वैद्यकीय ग्रंथालय सांभाळते. पीजीची मुलं-मुली संगणकासमोर बसली की पबमेडच्या (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन शोधसूचीच्या) चौकटीत आजाराचं नाव आणि पुढे 'केस रिपोर्ट' (एखाद्या पेशंटच्या आजाराची छापलेली नोंद) एवढंच टाइप करतात. चार लेख दिसले तर दिसले, नाहीतर "मॅडम, लिटरेचरच नाही" म्हणून उठतात. लिटरेचर बहुतेक वेळा असतं, फक्त त्यावर तसं लेबल लागलेलं नसतं. म्हणून आधी पेशंटला काय झालं ते शोधा, लेबलाचं नंतर बघू.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. खानापूर, जांबोटी, पलीकडे चंदगड, इकडे अजून टाचेच्या भेगांना आणि मुरगळलेल्या पायाला बिब्बा लावतात. बिब्बा उतला की फोड येतात, सूज चढते, आणि क्वचित प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जातं. समजा असा पेशंट वॉर्डात आहे, लघवी कमी झालीय, आणि सर विचारतायत की हे आधी कुणी नोंदवलंय का.

पहिल्यांदा कागदावर नावं गोळा करा. पेशंट बिब्बा म्हणेल, कानडी बोलणारा गेरू म्हणेल, लेखात भिलावा किंवा भल्लातक असेल, इंग्रजीत 'मार्किंग नट'. रोमन लिपीत भिलावाची स्पेलिंगं जितके लेखक तितकी. या सगळ्यांत भरवशाचं नाव म्हणजे वनस्पतीचं शास्त्रीय नाव, 'सेमेकार्पस अनाकार्डियम'. ही नावं 'ऑर'ने (यांपैकी कुठलंही चालेल) जोडून एका कंसात ठेवा. ऑर आणि अँड पबमेडमध्ये कॅपिटल अक्षरांतच लिहायचे, एवढं पाठच करा.

दुसऱ्या कंसात काय बिघडलं ते. इथे घाई नको. आज आपण 'अॅक्यूट किडनी इंज्युरी' म्हणतो, पण हे नाव रुळलं 2000 नंतर. त्याआधीचे लेखक 'अॅक्यूट रीनल फेल्युअर' लिहायचे, किंवा बायोप्सीत जे दिसलं तेच नाव द्यायचे. अमेरिकन जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनमध्ये 1979 साली बिब्ब्याच्या चिकानंतर झालेल्या 'रीनल कॉर्टिकल नेक्रोसिस'वर लेख आला. त्याच्या शीर्षकात 'केस' नाही, 'किडनी' नाही, 'इंज्युरी'ही नाही. तुमच्या पेशंटसाठी मात्र हाच लेख हवा. म्हणून 'रीनल', 'किडनी' आणि शेवटी तारा (*) लावून 'नेफ्रो' (म्हणजे नेफ्रोने सुरू होणारे सगळे शब्द येतात) असे तिन्ही शब्द घ्या. आपल्या इकडची नियतकालिकं ब्रिटिश स्पेलिंग वापरतात, तेव्हा हिमॅच्युरिया, अॅनिमिया दोन्ही पद्धतींनी लिहा. आणि 1975 च्या आधीच्या नोंदींना बहुधा सारांश नसतो, तिथे शीर्षकावर आणि मेशच्या (पबमेडच्या ठरावीक विषयशब्दांच्या यादीतल्या) विषयशब्दांवरच भिस्त ठेवावी लागते.

दोन्ही कंस अँडने (दोन्ही हवेत) जोडून निकाल बघा. वीस-तीस लेख आले तर लेबल लावायची गरजच नाही, सगळी शीर्षकं वाचा. शेकड्यांनी आले तरच तिसरा कंस घाला. त्यात 'केस रिपोर्ट्स' लिहून चौकोनी कंसात पी आणि टी ही अक्षरं टाका, म्हणजे प्रकाशनाच्या प्रकारावर शोध होतो. नुसतं हेच टाकलं तर अलीकडचे, अजून अनुक्रमणी न झालेले लेख निसटू शकतात. डावीकडच्या फिल्टरचंही तेच. तो तर सुरुवातीला दिसतही नाही, 'अॅडिशनल फिल्टर्स' उघडून टिक करावा लागतो. म्हणून ऑरने शीर्षकातला 'केस' जोडा आणि सारांशातला 'इयर-ओल्ड' जोडा. '45-इयर-ओल्ड फार्मर' अशीच बहुतेक केसची सुरुवात असते, त्यामुळे लेबल नसलेले लेखही हाती लागतात.

केस रिपोर्ट कसा लिहावा याची केअर मार्गदर्शक तत्त्वं 2013 मध्ये आली. शीर्षकात 'केस रिपोर्ट' हे शब्द असावेत असं त्यात आहे. त्यामुळे नवे लेख शीर्षकावरून सापडायला सोपे झाले. जुने नाहीत. शिवाय कितीतरी केसेस संपादकाला पत्र म्हणून छापल्या जातात, त्वचारोगाच्या भारतीय नियतकालिकात तर सर्रास. पत्रं गाळून टाकू नका.

सापाचं घ्या. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. आपल्या घाटातला हम्प-नोज्ड पिट व्हायपर त्यात नाही, त्यामुळे तो चावला तर डॉक्टरला आधाराला एकेक केसच उरते. इथे भारताचा फिल्टर लावलात तर नुकसान तुमचंच, कारण या सापावरचं बरंच लिखाण श्रीलंकेचं आहे. 'हिप्नाले' या जीनसच्या (वंशाच्या) नावाने शोधा. जुन्या लेखांत हाच साप 'अँसिस्ट्रोडॉन' किंवा 'अॅगकिस्ट्रोडॉन' म्हणून येतो.

चांगला एक लेख सापडला की तिथून दोन्ही दिशांनी जा. मागे त्याची संदर्भसूची. शीर्षकात 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' असेल तर आधीच्या सगळ्या केसेसचा तक्ता आयता मिळण्याची शक्यता असते, म्हणून सर्वांत नवा असा लेख आधी गाठा. पुढे जायला गुगल स्कॉलरमध्ये 'साइटेड बाय', म्हणजे या लेखाचा संदर्भ देणारे नंतरचे लेख. पबमेड शीर्षक, सारांश आणि विषयशब्दांतच बघतं, आतला मजकूर बघत नाही. मोठ्या लेखाच्या पोटात एखादा पेशंट दडला असेल तर आतल्या मजकुरातही शोधणारं युरोप पीएमसी किंवा गुगल स्कॉलर लागतं. कॉक्रेनमध्ये (उपचारांच्या चाचण्या आणि त्यांचे आढावे यांच्या संग्रहात) केस रिपोर्टसाठी वेळ घालवू नका.

आता ज्यांना स्वतःची केस छापायची आहे त्यांच्यासाठी. 'भारतातली पहिली केस' असं लिहायचा मोह फार होतो. केरळमधून 2007 साली या पिट व्हायपरवर जो लेख आला, त्याच्या शीर्षकात 'भारतातल्या पहिल्या खात्रीशीर केसेस' असाच दावा आहे, आणि 'केस रिपोर्ट' हा जोडशब्द त्यात नाही. तो शब्द घालून शोधलंत, हा लेख निसटला आणि 'पहिली केस' असं लिहिलंत, तर परीक्षक पहिल्याच वाचनात लेख परत पाठवतील. 'आमच्या माहितीप्रमाणे' असं लिहा, आणि त्याच वाक्यात कोणते डेटाबेस, कोणते शब्द, कोणत्या तारखेपर्यंत शोधले तेही द्या. पबमेडच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर हिस्टरीत तुमचा शोध जसाच्या तसा असतो, त्याचे डिटेल्स त्याच दिवशी कॉपी करून ठेवा. आणि माय एनसीबीआयमध्ये (पबमेडवरच्या तुमच्या खात्यात) तो शोध सेव्ह करून अलर्ट लावा, म्हणजे लेख परीक्षणात अडकलेला असताना नवी केस छापून आली तर तुम्हाला मेल येईल.