अथेन्सची 'माझा', घरच्या परातीत

जुन्या अथेन्समध्ये रोजचं पोट भरायचं ते 'माझा'वर, म्हणजे जवाच्या पिठाच्या गोळ्यावर. (बाटलीतल्या आंब्याशी संबंध नाही!) इ.स.पू. 6व्या शतकात तिथला कायदे करणारा पुढारी सोलोन याने म्हणे सरकारी पंगतीत रोज माझाच वाढायला सांगितली. गव्हाचा पाव फक्त सणाला.

जव कढईत मंद आचेवर खमंग भाजा. माझ्याकडून पहिल्यांदा जव करपले, गोळा कडूजहर झाला. गार झाल्यावर दळा. आपल्या सातूच्या पिठाचंच भावंड. वाटीभर पिठाला दोन चमचे ऑलिव्ह तेल, चमचाभर मध, चिमूटभर मीठ. पाणी मात्र हबक्यानेच. मुठीत दाबलेला गोळा फुटला नाही की थांबा. तव्यावर टाकायचा मोह आवरा, ही तशीच खायची.

सोबत ऑलिव्ह, कांदा, चीज. या तोंडीलावण्याला ग्रीक 'ऑप्सोन' म्हणत, आणि तेच जास्त हादडणाऱ्याला नावं ठेवत.