शनिवार-रविवारचे गावश्रमदान कसे आखावे

पावसाळ्यापूर्वीचा शनिवार-रविवार निवडून ग्रामपंचायतीची, आणि जमीन वनखात्याची असल्यास त्या खात्याचीही, परवानगी आधीच घ्यावी. पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जिरवण्याचे, काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या A आकाराच्या चौकटीने) समपातळी शोधून फक्कीने रेषा आखावी आणि चर खणताना निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूसच टाकून तिचा बांध घालावा, कारण वरच्या बाजूस टाकलेली माती पावसाबरोबर पुन्हा चरात येते. ऊन चढण्यापूर्वी काम थांबवावे. संत गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. मला आजही तोच क्रम सर्वांत योग्य वाटतो. ज्यांना कुदळ झेपत नाही, त्यांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करावी, त्यांची औषधे आणून द्यावीत, आणि हजेरीपटावर ही कामे करणाऱ्यांचेही नाव आवर्जून लिहावे.