लिओनार्ड विरुद्ध मेवेदर : न झालेल्या लढतीचा अंदाज कसा बांधावा

शुगर रे लिओनार्ड आणि फ्लॉइड मेवेदर हे वेगवेगळ्या काळांतले दोन मुष्टियोद्धे वेल्टरवेट गटात, म्हणजे १४७ पौंडांच्या मर्यादेत, एकमेकांशी लढले असते तर कोण जिंकले असते, हा वाद मुष्टियुद्धाच्या चाहत्यांत वारंवार निघतो. बहुतेक वेळा तो मेवेदरच्या ५० पैकी ५० विजयांपाशी किंवा लिओनार्डने हरवलेल्या थोर नावांपाशी येऊन अडतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांतून लढतीचा निकाल निघत नाही. निकाल काढायचा असेल तर कोणती फेरी कोण घेईल आणि कशाच्या बळावर घेईल, हे एकेक करून ठरवावे लागते.

त्यासाठी सर्वांत आधी लढतीच्या अटी कागदावर लिहाव्यात. लिओनार्डच्या काळात जागतिक विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू मरण पावला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सर्व प्रमुख संघटना १२ फेऱ्यांवर आल्या. मेवेदरची संपूर्ण कारकीर्द १२ फेऱ्यांच्या नियमात गेली. हा फरक किरकोळ वाटत असेल त्याने १६ सप्टेंबर १९८१ ची लास व्हेगासमधील लढत आठवावी. तेरा फेऱ्यांनंतर थॉमस हर्न्स तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर पुढे होता, लिओनार्डचा डावा डोळा सुजून जवळजवळ मिटला होता, आणि तरीही चौदाव्या फेरीत लिओनार्डने हर्न्सला दोरांपाशी गाठून लढत थांबवायला लावली. आजच्या नियमांत तीच लढत हर्न्सने गुणांवर जिंकली असती. म्हणून फेऱ्यांची संख्या न ठरवता केलेल्या भाकिताला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. वजन आदल्या दिवशी करायचे की त्याच दिवशी, हेही ठरवून टाकावे. मात्र हे दोघेही वजनासाठी शरीर वाळवून रिंगणात उतरणारे नव्हते, त्यामुळे इथे त्याने विशेष बिघडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणत्या रात्रीचा मुष्टियोद्धा घ्यायचा हे पक्के करणे. ‘ऐन भरातला लिओनार्ड’ असे मोघम म्हटले की आपण नकळत त्याच्या प्रत्येक लढतीतला उत्तम क्षण उचलतो आणि असा माणूस कधीच अस्तित्वात नसतो. मी लिओनार्ड १९८१ च्या सप्टेंबरातला, पंचवीस वर्षांचा घेतो, आणि मेवेदर डिसेंबर २००७ मधला, रिकी हॅटनला दहाव्या फेरीत थांबवणारा, तीस वर्षांचा. त्या मेवेदरचे पाय अजून हलके होते, आणि समोरच्याला ओळखण्याची त्याची नजर पूर्ण पिकलेली होती.

शरीराचे माप यानंतर पाहावे. लिओनार्ड मेवेदरपेक्षा सुमारे दोन इंच उंच होता आणि त्याच्या हातांचा पल्लाही तेवढाच अधिक होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेवेदरने १९९८ मध्ये पहिले जागतिक विजेतेपद १३० पौंडांच्या गटात जिंकले आणि तेथून तो चढत वेल्टरवेटला आला, तर लिओनार्डसाठी हा गट घरचा होता आणि पुढे त्याने याहून वरच्या गटांतही विजेतेपदे मिळवली. या वजनात मेवेदरचा ठोसा समोरच्याला चाप लावण्यापुरता होता. त्याने लिओनार्डला खाली पाडले असते असे मला वाटत नाही.

आता खरे काम येते, आणि अंदाज बांधणाऱ्याने आपला अर्धा वेळ इथेच घालवावा. विजयांची यादी बाजूला ठेवून दोघांच्या अवघड रात्री पाहाव्यात. मेवेदरच्या बाबतीत मे २०१० मधली शेन मॉस्लीविरुद्धची दुसरी फेरी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे : उजव्या हाताच्या ठोशांनी त्याचे गुडघे डळमळले, त्याने मॉस्लीला धरून ठेवले, फेरी निभावली आणि पुढच्या फेऱ्यांत स्वतः चाल करत लढत एकतर्फी करून टाकली. मे २०१४ मध्ये मार्कोस मैदानाने त्याला दोरांवर दाबून ठोशांचा मारा केला आणि एका पंचाने ती लढत ११४-११४ अशी बरोबरीत सोडवली. मे २००७ मध्ये, एक गट वर, ऑस्कर डी ला होयाचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चालत होता तोवर मेवेदरला मार्ग सापडत नव्हता. तो जॅब थांबला आणि लढत फिरली. या तीन रात्री एकत्र ठेवल्या की खांदा वळवून ठोसा निसटवणाऱ्या मेवेदरच्या बचावाला काय जाचते ते दिसते : लांब जॅब, सततचा मारा आणि वेगवान उजवा हात. या तिन्ही गोष्टी लिओनार्डपाशी होत्या.

लिओनार्डची अवघड रात्र जून १९८० मध्ये माँट्रियलला झाली. रॉबर्टो ड्युरानने त्याला डिवचले, आणि पायांवर लढण्याऐवजी तो जवळ उभा राहून झुंजला व गुणांवर हरला. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला त्याने पायांचा वापर केला आणि आठव्या फेरीत ड्युरानने लढत सोडून दिली. मेवेदरही बोलण्याने समोरच्याचा तोल घालवणारा होता, परंतु ड्युरानसारखा अंगावर येऊन कोंडणारा नव्हता. त्यामुळे माँट्रियलच्या चुकीची पुनरावृत्ती होण्याची शक्यता मला कमी दिसते.

दोघांमध्ये सामाईक प्रतिस्पर्धी नसतो तेव्हा एकासारखा लढणारा, आणि दुसऱ्याशी प्रत्यक्ष लढलेला माणूस शोधावा. इथे तो आहे विल्फ्रेड बेनितेझ. सतराव्या वर्षी जागतिक विजेता झालेला हा पोर्तो रिकोचा मुष्टियोद्धा डोक्याच्या इंचभर हालचालीने ठोसे चुकवत असे, आणि मेवेदरच्या सर्वांत जवळचा नमुना म्हणून मी त्याच्याकडेच बोट दाखवीन. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी लिओनार्डने त्याला तिसऱ्या फेरीत जॅबने खाली बसवले, तरी त्यानंतर लिओनार्डचे अनेक ठोसे हवेतच गेले. अखेर पंधराव्या फेरीत अवघे सहा सेकंद उरले असताना लढत थांबली. यातून दोन निष्कर्ष निघतात. चपळ बचावापुढे लिओनार्ड गोंधळत नाही, पण त्याला वेळ लागतो. मेवेदर हा बेनितेझपेक्षा शिस्तीचा असल्याने त्याला थांबवणे याहूनही अवघड ठरेल.

पंचांची नजरही हिशेबात धरावी. मेवेदर कमी ठोसे मारतो आणि नेमके मारतो. लिओनार्ड फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोशांची सर लावून ती फेरी पंचांच्या मनात आपल्या नावावर करतो, आणि १९८७ मध्ये मार्व्हिन हॅगलरविरुद्ध त्याने याच युक्तीवर निकाल खेचला, असे माझे मत आहे.

एवढे झाल्यावर फेऱ्या लिहून काढाव्यात : फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९. पहिल्या चार फेऱ्यांत मेवेदर अदमास घेत असतो, म्हणून तीन लिओनार्डच्या. पाच ते दहा या टप्प्यात मेवेदरचा उजवा हात आधी पोहोचू लागेल. त्यांतल्या चार मेवेदरच्या. अकरावी आणि बारावी वाटून गेली तर १२ फेऱ्यांची लढत माझ्या हिशेबात ११४-११४ अशी बरोबरीत सुटते. १५ फेऱ्यांच्या लढतीत उरलेल्या तीनपैकी दोन मी लिओनार्डला देतो, कारण त्या पल्ल्यावर तो हर्न्स आणि बेनितेझ या दोघांविरुद्धही जोर वाढवताना दिसला आणि मेवेदर तिथवर कधी गेलाच नाही. म्हणून निकाल १४३-१४२, लिओनार्ड. हा हिशेब पाचव्या ते दहाव्या फेरीवर उभा आहे. तिथे मेवेदरला चारऐवजी पाच फेऱ्या मिळाल्या तर दोन्ही लढती त्याच्या होतात, आणि माझ्याशी असहमत असणाऱ्याने नेमके त्याच सहा फेऱ्यांवर बोट ठेवावे.