जपानला निघालात? मुक्काम ओकायामाला टाका

तिकीट काढायच्या आधी एक काम करा. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी सकाळी जा आणि तासभर नुसतं हिंडा. फोटो नंतर काढा. हे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय हे पुणेकरांना माहीत असतं, पण तिथं बघायचं काय, हे कुणी सांगत नाही. वाट वळते, मध्ये एक उंचवटा येतो आणि मघाशी दिसणारं पाणी गायब होतं. थोडं पुढं गेलं की तेच पाणी दुसऱ्या अंगानं समोर. बागेबाहेरची पर्वतीसुद्धा बागेचाच भाग असल्यासारखी मागं उभी असते. जपानी बाग आखणारे बाहेरचा डोंगर असाच मुद्दाम हिशेबात धरतात. एवढं डोळ्यांना कळलं की जपानमधल्या बागा ‘सगळ्या सारख्याच’ वाटत नाहीत. (हिरवळीवर भलतीकडे पाय पडला तर शिट्टी वाजते. तीही तालीमच समजा.)

मी चाकणला जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. त्यामुळे नातेवाइकांपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळे आपापली यादी माझ्यापुढं टाकतात. यादी ठरलेली: टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका, आणि रोज नवं हॉटेल. मी त्यातल्या निम्म्या गोष्टी खोडते आणि मधोमध ओकायामा लिहिते. दहा-अकरा रात्री असतील तर टोकियोत तीन, ओकायामात चार, कोयासान या डोंगरावरच्या देवळांच्या गावात एक, उरलेल्या क्योटोत.

आधी ऋतू. चेरीचा बहर टोकियो-क्योटोकडे साधारण मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला येतो. क्योटोतली लाल-पिवळी पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मला विचाराल तर नोव्हेंबर. पाऊस कमी, हवा कोरडी, आणि बहर हुकला म्हणून रडायची वेळ येत नाही. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टचा मध्य टाळा. तेव्हा सगळा जपानच सुट्टीवर बाहेर पडलेला असतो. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचंच असेल तर ते दिवस उलटू द्या. व्हिसा लागतोच, आणि पुण्याहून थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते.

टोकियोत आसाकुसा भागातलं सेन्सोजी देऊळ सगळेच बघतात. तिथून थोडं चालत पुढं गेलं की मात्सुचियामा शोदेन नावाचं लहानसं देऊळ लागतं. हा आपला गणपती. जपानमध्ये त्याला कांगितेन किंवा शोदेन म्हणतात. मूर्ती बंद असते, दर्शन होत नाही. नैवेद्य मोदकाचा नाही, मुळ्याचा! आवारातच पांढरे जाडजूड मुळे विकत मिळतात आणि लोक ते देवापुढं ठेवतात. भिंतीवर, कंदिलावर जिकडंतिकडं जोडमुळ्याचं चिन्ह आहे. कसबा आणि सारसबाग करून मोठे झालेल्या माणसानं इथं जाऊन यावंच.

टोकियोहून पश्चिमेला जाताना शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, साध्या डब्यात ‘ई’ आसनाची खिडकी मागा. सुटल्यावर पाऊण तासानं उजवीकडं फुजी दिसतो, अर्थात ढगांची मर्जी असेल तर. हिवाळ्यात सकाळी शक्यता बरी. देशभर चालणारा रेल्वे पास डोळे मिटून घेऊ नका. ऑक्टोबर 2023मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत 29,650 येनवरून 50,000 येनवर गेली. टोकियो-क्योटो एका वेळचं भाडं साधारण 14,000 येन आहे, म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पास वसूल होत नाही. ओसाका ते ओकायामा पट्ट्यासाठी जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा कानसाई वाइड पास बघा. सलग पाच दिवस चालतो आणि शिन-ओसाका ते ओकायामा शिनकान्सेनही त्यात येते. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियोहून निघणाऱ्या शिनकान्सेनमध्ये सामानाच्या जागेसह आरक्षण करावं लागतं. त्यापेक्षा मोठी बॅग हॉटेलातून पुढच्या हॉटेलात कुरिअरनं पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोचते.

आता ओकायामा. कोराकुएन ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन या बाकीच्या दोन. इकेदा त्सुनामासा या सरदारानं 1687मध्ये काम सुरू करवलं, ते 1700मध्ये पुरं झालं. स्टेशनवरून ट्रामनं शिरोशिताला उतरा आणि चालत जा. दार उघडतानाच आत शिरा. पुण्यात बघितलेलं सगळं इथं ऐसपैस पसरलेलं आहे: हिरवळ, वळणारा ओढा, चहाची छोटी बाग, आणि पर्वतीच्या जागी मिसाओ टेकडी व नदीपलीकडचा काळाकुट्ट किल्ला. तो किल्ला 1945च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, 1966मध्ये पुन्हा उभा राहिला. बागेत र्‍युतेन नावाची उघडी, बिनभिंतींची दुमजली वास्तू शोधा. ओढा तिच्या खालच्या मजल्यातून, मधोमध वाहतो. पाण्यात रंगीत दगड मांडलेत, दोन्ही बाजूंना लाकडी बैठक. बूट काढून तिथं बसा. बागेतला माझा अर्धा वेळ तिथंच जातो.

इथं मुक्काम टाकायचा खरा फायदा रेल्वेचा. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला शिनकान्सेननं वीस मिनिटांवर. कुराशिकीचा कालवा आणि जुनी गोदामं साध्या लोकलनं पाव तासावर. संध्याकाळी जा, दिवसाचे गट परतलेले असतात. हिरोशिमा पाऊण तासाच्या आत, पुढं लोकल आणि बोटीनं मियाजिमा बेट. तिथल्या समुद्रातल्या लाल कमानीसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा. भरतीला ती पाण्यात उभी असते, ओहोटीला पायाशी चालत जाता येतं. आणि समुद्रावरचा मोठा पूल ओलांडून तासाभरात ताकामात्सु, तिथली रित्सुरिन बाग. माझ्या मते ती कोराकुएनपेक्षाही काकणभर सरस आहे, पण ओकायामाच्या लोकांसमोर बोलू नका.

क्योटोत फुशिमी इनारी हे लाल कमानींच्या रांगांचं देवस्थान पहाटे करा. चोवीस तास उघडं, तिकीट नाही. कमानींच्या मागच्या बाजूला देणगीदारांची नावं असतात, आपल्या देवळातल्या फरशांवर असतात तशीच. दुसरं सान्जुसान्गेन्दो देऊळ: 120 मीटर लांब दालनात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, 1001 मूर्ती, आणि पुढच्या रांगेत गरुडासारखे आपल्याकडून गेलेले देव. आत फोटो काढता येत नाहीत. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका, दंड आहे. क्योटोहून नारा दिवसभरात होतं. तिथल्या महाबुद्धाचे डोळे 752मध्ये उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूनं केला होता.

कोयासानला देवळातच राहायचं. ओसाकाच्या नाम्बाहून रेल्वे, मग केबल कार, मग बस. संध्याकाळचं जेवण लवकर असतं, त्यामुळे दुपारीच पोचा. पहाटेच्या प्रार्थनेला जरूर बसा. काही देवळांत होम असतो, समिधा, ज्वाळा, मंत्र, सगळं ओळखीचं. शाकाहारी माणसाला निर्धास्त जेवण मिळण्याची हीच जागा.

बाकी ठिकाणी शाकाहाराची खरी अडचण मांस नव्हे, दाशि. सुक्या माशाचं हे पाणी सूपमध्ये, सॉसमध्ये, उकडलेल्या भाजीतसुद्धा असतं. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन, कात्सुओ दाशि मो दामे देस्’ हे कागदावर जपानी लिपीत लिहून घ्या आणि दाखवा. पाकिटावरचा मजकूर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचा. बॅगेत मेतकूट आणि चटणी असू द्या. गरम भात कुठंही मिळतो. हापूसची पेटी मात्र घरीच ठेवा, ताजी फळं नेता येत नाहीत. कुणाला भेट द्यायची तर भाकरवडी न्या, दोन्ही हातांनी द्या. समोरच्यानं पाकीट लगेच फोडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तिथं तशीच रीत आहे.