मोटरहोमसाठी गादी निवडताना

मोटरहोमसाठी किंवा कॅरव्हॅनसाठी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, गादी घ्यायची म्हटले की बहुतेक जण ती हाताने दाबून पाहतात आणि मऊ लागली की पसंत करतात. घरच्या पलंगासाठी हे एकवेळ चालून जाते. गाडीत मात्र निवडीची सुरुवात गादीखालच्या फळीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पलंगाचा नेमका आकार, गादीला खालून मिळणारी हवा आणि गाडीला पेलणारे वजन हे आधी ठरले, की मऊ-कडकचा निर्णय बराच सोपा होतो. हा क्रम उलटला तर महागातली गादीसुद्धा एकदोन हंगामांत टाकून द्यावी लागते.

गाडीतला पलंग सहसा बाजारातल्या ठरीव मापात बसत नाही. कुठे वाट मोकळी राहावी म्हणून पायाकडचा कोपरा छाटलेला असतो, कुठे कपाटाची कड आत आलेली असते, तर कुठे भिंतच वर जाताना आतल्या बाजूला कललेली असते. त्यामुळे लांबी-रुंदीचे दोन आकडे कळवून गादी मागवू नये. जाड कागद पलंगावर अंथरून त्याचा पूर्ण साचा कापावा आणि त्यावर ‘वरची बाजू’ व ‘डोक्याची बाजू’ असे ठळक लिहावे, कारण साचा उलटा धरला गेला तर छाटलेला कोपरा भलत्याच बाजूला येतो आणि कापलेली गादी बहुधा परत घेतली जात नाही. चादर खोचायला बोटे जावीत आणि भिंतीलगत थोडी हवा खेळावी म्हणून सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर माप कमी ठेवावे. उंचीची परीक्षाही याच वेळी करून घ्यावी. गादी जितकी जाड घेणार, तितक्या जाडीच्या रजयांच्या घड्या पलंगावर रचून त्यावर ताठ बसून पाहावे. चालकाच्या केबिनवरच्या पलंगावर जाडी दोनतीन सेंटिमीटरने वाढली तरी कुशीवर वळताना खांदा छताला लागू शकतो.

आता ओलाव्याविषयी, कारण गाडीतली गादी झिजण्याआधी बहुधा ओलाव्याने खराब होते. दोन माणसे रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून मिळून सुमारे अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यातली काही वाफ गादीतून खाली झिरपते आणि थंडीच्या दिवसांत प्लायवूडच्या गार फळीला टेकताच तिचे पाणी होते. वरून गादी कोरडी असते, खालून मात्र सादळलेली असते आणि काही आठवड्यांत तिच्या तळाशी काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी असते. एकदा ती फोममध्ये शिरली की पूर्णपणे निघत नाही. म्हणून खाली सलग फळी असेल तर तिला जागोजागी भोके पाडावीत, किंवा तिच्या जागी लाकडी पट्ट्या बसवाव्यात. पट्ट्यांमधले अंतर पाच ते सात सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर फोम फटींत उतरतो. मात्र भोके पाडताना फळीची मजबुती जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे. फळीला हात लावणे शक्य नसेल तर गादीखाली हवा खेळू देणारी जाळीदार चटई अंथरावी. तीही आपली एकदोन सेंटिमीटर उंची खाते, हे वरच्या मापात धरलेले असावे.

फोमची निवड करताना घनता आणि कडकपणा यांची गल्लत सर्रास होते. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन, आणि तिच्यावरून फोम किती काळ टिकेल याचा अंदाज बांधता येतो. कडकपणा म्हणजे तो दाबायला लागणारा जोर. चांगल्या घनतेचा फोम मऊही असू शकतो, आणि हलक्या घनतेचा फोम सुरुवातीला टणक लागून लवकरच कमरेखाली खड्डा पाडतो. वर्षातून थोड्याच रात्री गाडीत काढणाऱ्यांना 30च्या आसपासची घनता पुरते; महिनोन्‌महिने गाडीत राहणाऱ्यांनी 40च्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. विक्रेता हा आकडा लेखी द्यायला तयार नसेल तर ती गादी न घेणेच बरे.

मेमरी फोमचे, म्हणजे अंगाच्या उबेने व दाबाने शरीराचा आकार घेणाऱ्या फोमचे, कौतुक खूप होते आणि अंगाचा भार सारखा वाटून देण्याचा त्याचा गुण खराही आहे, परंतु तो तापमानाप्रमाणे बदलतो. थंड गाडीत तो दगडासारखा टणक होतो आणि अंगाच्या उबेने हळूहळू सैलावतो; उन्हाळ्यात तोच अधिक रुततो आणि गरम होतो. थंड प्रदेशात फिरणाऱ्यांनी पूर्ण गादी मेमरी फोमची न घेता साध्या फोमवर त्याचा चारपाच सेंटिमीटरचा थर घ्यावा. लॅटेक्स, म्हणजे रबरी फोम, थंडीत इतका कडक होत नाही आणि दाबल्यावर पटकन पूर्ववत होतो. त्याची अडचण वजनाची. पॉकेट स्प्रिंगच्या, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेल्या, गादीतून हवा चांगली खेळते, पण ती घरी कापून आकार देता येत नाही आणि पातळ मापात फारशी मिळत नाही.

वजनाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. 190 बाय 135 सेंटिमीटरची, 12 सेंटिमीटर जाडीची गादी 40 घनतेच्या फोममध्ये साधारण 12 किलोची होते. तीच 75 घनतेच्या लॅटेक्समध्ये 23 किलोपर्यंत जाते. गाडीची एकूण वजनमर्यादा आधीच काठावर असेल तर हा फरक जाणवतो. पलंग उचलून खालचे सामान काढण्याची सोय असेल तर जड गादीमुळे पलंगाला खालून आधार देणाऱ्या, आत दाबलेला वायू भरलेल्या दांड्यांना तो वर धरवेनासा होतो.

बसायच्या बाकांच्या गाद्या जोडून रात्री पलंग होत असेल तर पूर्ण गादीचा खर्च करू नये. बसण्यासाठीचा फोम झोपण्याच्या फोमपेक्षा कडक असतो आणि सांधे पाठीला बोचतात. वर अंथरायचा पाच सेंटिमीटरचा टॉपर या दोन्ही अडचणी बऱ्याच कमी करतो. मात्र दिवसा तो गुंडाळून कुठे ठेवायचा, ती जागा आधी शोधावी.

शेवटी मऊपणा. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर थोडी आत जायला हवी, तर पाठीवर किंवा पोटावर झोपणाऱ्याला जरा कडक गादी मानवते. आपल्या नेहमीच्या स्थितीत निदान दहा मिनिटे पडून राहावे. खालची फळी अंगाला जाणवली तर तो फोम आपल्या वजनाला अपुरा आहे, असे समजावे. खोळ चेन लावून काढता येणारी आणि धुता येणारी असावी. गुंडाळून आलेली गादी उघड्या हवेत एकदोन दिवस फुगू द्यावी आणि तिचा वास उडाल्यावरच गाडीत न्यावी. प्रवासात रोज सकाळी गादीची एक कड तासभर वर उचलून ठेवावी, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा गादी घरात आणून ठेवावी. ते जमत नसेल तर ती गाडीतच, भिंतीला न टेकवता, लांब कडेवर उभी करावी.