मीटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा : ट्रकच्या डॅशबोर्डवरील या चुका टाळा

आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ काम करताना एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही. काटे चुकीचे दाखवू लागले की थेट नवे मीटर मागवले जाते. एकच काटा चुकत असेल, तर त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसून काट्याला माहिती पाठवणारा भाग) किंवा त्याची वायर पाहावी. पण डिझेल आणि टेम्परेचरचे काटे एकाच वेळी बिघडले, तर दोन सेंडर एकाच दिवशी सहसा जात नाहीत. तेव्हा दोघांना सामायिक असलेला सप्लाय आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी, आधी तपासावा.

मागच्या पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतहून मुंबईला कांदा नेणारी एक गाडी माझ्याकडे आली. दिवसा सारे ठीक असे; कसारा घाटात हेडलाइट लावले की दोन्ही काटे एकदम वर चढत, आणि इंजिन तापले असे समजून ड्रायव्हरने दोनदा भर घाटात गाडी उभी केली होती. आधीच्या मिस्त्रीने सेंडर, टाकीतला फ्लोट आणि शेवटी अख्खे मीटरही बदलले होते. मी हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या कपलरमधील (वायरी जोडणाऱ्या प्लगमधील) अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर १.८ व्होल्ट दिसले, तिथे ०.२ च्या वर काही दिसू नये. केबिनला नुकताच रंग दिलेला होता आणि अर्थचा बोल्ट त्या रंगावरच आवळलेला होता. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) काढला, तर खाली हिरवट थर धरलेला. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवा लग आवळला, वरून ग्रीस लावले आणि आकडा ०.०५ वर आला.

ही मोजणी लोड, म्हणजे हेडलाइटसारखी वीज खाणारी उपकरणे, चालू ठेवूनच करावी. शिकाऊ मुले गाडी बंद असताना मल्टिमीटरचा बीप वाजवून अर्थ चांगला असल्याचे सांगतात. वायरची एकच काडी शिल्लक असली तरी बीप वाजतो. घाई करणाऱ्याला ही पाच मिनिटे जड वाटतात आणि गिऱ्हाइकाला नव्या मीटरचे पैसे मोजावे लागतात.

दहा अँपिअरचा लाल फ्यूज उडतो म्हणून तिथे तीसचा हिरवा घालणे मला अजिबात मान्य नाही, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. मी फ्यूजच्या जागी २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब जोडतो. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण प्रकाशाने जळतो. वायरिंग हलवत जावे, ज्या जागी तो मंदावतो तिथेच सोललेली वायर सापडते.

चावी चालू असताना मीटरचा कपलर काढू नये. बॅटरी न सोडवता चेसिसवर वेल्डिंग करू नये.

नव्या गाड्यांत मीटरला माहिती आणणाऱ्या पिळाच्या दोन कॅन वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजावा. तो साधारण ६० ओहम हवा. १२० आला, तर टोकाच्या दोन रेझिस्टरांपैकी एक तुटला आहे किंवा लाइन मध्ये कुठे तरी खंडित आहे.