चिनारांचे रंग पाहायचे असतील तर

दिवाळीच्या सुट्टीत श्रीनगरला जाऊनही अनेकांना चिनार हिरवेच दिसतात, कारण दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यास, तर कधी नोव्हेंबरमध्ये येते, आणि चिनार मात्र साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पिवळे, केशरी आणि शेवटी गंजासारखे तांबूस होतात. म्हणून दिवाळी लवकर आली असेल, तर प्रवास दोन आठवडे पुढे ढकलावा. फराळ सोबत नेता येतोच.

१. सकाळी हजरतबलजवळच्या, विद्यापीठाच्या आवारातील नसीम बागेत जावे. ही बाग दल सरोवराच्या पश्चिम काठावर असल्यामुळे तेथे सकाळचे ऊन थेट पोहोचते.

२. निशात बाग दुपारनंतरच पाहावी. तिच्या पाठीशी पूर्वेला झबरवानचे डोंगर असल्याने सकाळी ती बराच वेळ सावलीत राहते.

३. झाडाखाली उभे राहून, सूर्य पानांच्या मागे येईल अशा बेताने वर पाहावे. पंजाएवढ्या पानाची कड तपकिरी झालेली असली, तरी शिरांमधला भाग निखाऱ्यासारखा उजळतो.

पाने जमिनीवर पडलेलीच उचलावीत, फांदीला हात लावू नये. आणि नोव्हेंबरात तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळून लगेच गारठा पडतो, त्यामुळे लोकरीचे कपडे हॉटेलवर ठेवून निघू नये.